तारीख स्वतः काढा: लोकवर्गणीतून होणाऱ्या आरपीजीसाठी एक कृती

वेस्टलँड २ या गेमसाठी इनएक्साइल स्टुडिओने मार्च २०१२मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मोहीम सुरू केली, तेव्हा गेम हातात पडण्याचा अंदाज ऑक्टोबर २०१३ असा दिला होता. गेम आला १९ सप्टेंबर २०१४ला. ऑब्सिडियनच्या पिलर्स ऑफ इटर्निटीसाठी एप्रिल २०१४ सांगितला होता. तो आला २६ मार्च २०१५ला. शॅडोरन रिटर्न्स जानेवारी २०१३मध्ये यायचा होता, तो जुलैत आला. यातलं कुणीही नवखं नव्हतं. इनएक्साइलचे ब्रायन फार्गो १९८८च्या मूळ वेस्टलँडमागे होते. शॅडोरनचं सगळं जग ज्यांनी उभं केलं ते जॉर्डन वाइसमन स्वतः शॅडोरन रिटर्न्स करणाऱ्या स्टुडिओचे प्रमुख होते. ऑब्सिडियनमध्ये तर आरपीजीत, म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये, आयुष्य घालवलेली माणसं होती. तिन्ही गेम चांगले निघाले. तारीख तेवढी चुकली, आणि तिघांचीही एकाच दिशेने चुकली.

या मोहिमांमधली वेळापत्रकं वास्तववादी असतात का? माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. पण ती कशीही, कुठेही चुकतात असं नाही. त्यांच्या चुकण्यात एक प्रमाण दिसतं, आणि ज्या पानावर आशावादी तारीख छापलेली असते त्याच पानावर खरी तारीख काढायला लागणारी बरीचशी माहितीही असते. ती वाचून स्वतःची तारीख कशी काढायची, त्याची ही कृती आहे. आपल्याकडचे अनेक तरुण आज डॉलरमध्ये पैसे लावून अशा गेमची वाट पाहतात. उशीर झाला की काहींना फसवल्यासारखं वाटतं, तर काही जण स्टुडिओला सगळंच माफ करतात. पैसे देण्याआधी अर्धा तास आकडेमोड केली तर दोन्ही टळेल.

लागणारं साहित्य थोडं आहे: मोहिमेचं पान, कॅल्क्युलेटर आणि एक कागद.

पायरी १: महिने मोजा

किकस्टार्टरवर प्रत्येक बक्षिसाच्या रकमेखाली ते मिळण्याचा अंदाजे महिना दिलेला असतो. डिजिटल गेम देणारी सगळ्यात स्वस्त रक्कम शोधा आणि तिच्याखालचा महिना कागदावर लिहा. मोहीम संपते तो महिना त्याच्या वर लिहा. मधले महिने मोजा. वेस्टलँड २चे १८ येतात, पिलर्सचे १८, शॅडोरनचे ९, डिव्हिनिटी: ओरिजिनल सिनचे ७.

मोजणी मोहीम संपल्यापासूनच करायची, कारण पैसे त्यानंतरच स्टुडिओच्या खात्यात येतात. पानावरची तारीख मोहीम सुरू होण्याआधी, म्हणजे किती पैसे जमतील हे कुणालाही ठाऊक नसताना लिहिलेली असते, आणि त्या रकमेवर एकदा कुणी पैसे लावले की ती ओळ बदलण्याची सोय सहसा राहत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं मूळ इथे आहे.

पायरी २: पैशांचं महिन्यांत रूपांतर करा

ही पायरी सावकाश करा. बहुतेक वाचक उद्दिष्टाचा आकडा पाहून ‘बापरे, केवढे पैसे’ म्हणतात आणि पुढे जातात. गेमचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसांचे पगार. अमेरिकी स्टुडिओंमध्ये एका माणसाचा एका महिन्याचा खर्च, पगार, जागा, विमा सगळं धरून, ढोबळमानाने १० हजार डॉलर धरतात. गेमविषयक पत्रकार जेसन श्रायर यांच्या ‘ब्लड, स्वेट अँड पिक्सेल्स’ या २०१७च्या पुस्तकातही हाच हिशोब आहे. एका माणसाच्या एका महिन्याच्या कामाला आपल्याकडचे आयटीवाले मॅन-मंथ म्हणतात.

आता पिलर्सचं उदाहरण करून पाहू. उद्दिष्ट होतं ११ लाख डॉलर. त्यातून किकस्टार्टरचे ५ टक्के आणि पैसे वळते करण्याचं शुल्क वजा करा. टीशर्ट, नकाशे, खोकी, पोस्टखर्च हेही वजा करा. सगळं मिळून २० टक्के धरले तर ८ लाख ८० हजार उरतात, म्हणजे ८८ मॅन-मंथ. वीस माणसं धरली तर सुमारे साडेचार महिन्यांचं काम. पानावर मात्र १८ महिने लिहिलेले. याचा अर्थ उद्दिष्टाइतकेच पैसे जमले असते तर एक तर गेम फार लहान झाला असता, किंवा माणसं फार कमी असती, किंवा पैसा दुसरीकडून आणावा लागला असता.

प्रत्यक्षात जमले ३९ लाख ८६ हजार डॉलर, ७३ हजारांहून अधिक लोकांकडून. तेच २० टक्के वजा केले तर सुमारे ३२ लाख, म्हणजे ३२० मॅन-मंथ. वीस माणसांचे १६ महिने. आता हा आकडा छापलेल्या १८ महिन्यांच्या जवळ येतो आणि मनाला पटतो. तरीही गेमला २९ महिने लागले, आणि शेवटच्या महिन्यांसाठी स्टुडिओला स्वतःच्या खिशात हात घालावा लागला. हा फरक कुठून आला ते चौथ्या पायरीत पाहू.

ही आकडेमोड ढोबळ आहे. प्रागमध्ये, वॉर्सात किंवा पुण्यात मॅन-मंथ याहून स्वस्त पडतो. पानावर संघातल्या माणसांची संख्या दिली असेल तर वीसऐवजी ती घ्या. पण उत्तर साडेचार महिने आणि तारीख दीड वर्षाची, इतकी तफावत दिसली तर पानावर एकच गोष्ट शोधायची: उरलेला पैसा कुणाचा?

याचं सरळ उत्तर देणारे स्टुडिओ आहेत. किंगडम कम: डिलिव्हरन्स हा १४०३ सालच्या बोहेमियात घडणारा, जादू आणि ड्रॅगन नसलेला गेम. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने २०१४च्या सुरुवातीला त्यासाठी ३ लाख पाउंड मागितले. एवढ्यात असा गेम होत नाही हे त्यांनी लपवलं नाही. मोठा गुंतवणूकदार तयार होता, पण असा गेम खेळायला लोक आहेत याचा पुरावा त्याला हवा होता, आणि ती मोहीम म्हणजे तो पुरावा. जमले ११ लाख पाउंडांहून अधिक. बेल्जियमच्या लॅरियननेही ओरिजिनल सिनमध्ये आधीच स्वतःचे पैसे ओतले होते. वर्गणी त्यावरची भर होती. असा खुलासा पानावर असेल तर कागदावर बरोबरची खूण करा. नसेल तर प्रश्नचिन्ह करा आणि मोहिमेच्या पानावरच स्टुडिओला विचारा. उत्तर येतं की नाही, आणि आकड्यांत येतं की विशेषणांत, यावरूनही बरंच कळतं.

पायरी ३: आज हातात काय आहे ते पाहा

व्हिडिओतलं संगीत बंद करून व्हिडिओ पुन्हा पाहा. दिसतंय ते खरोखर चालणाऱ्या गेमचं चित्रण आहे, की रंगवलेली चित्रं आणि स्टुडिओतल्या माणसांच्या मुलाखती आहेत? पिलर्सच्या मोहिमेत मुख्यतः कल्पना होती, आणि ती सांगणाऱ्या माणसांवरचा विश्वास होता. अंडरटेल या एकट्या टोबी फॉक्सच्या गेमची मोहीम २०१३मध्ये झाली तेव्हा खेळता येणारा डेमो लोकांसमोर होता. पाथफाइंडर: किंगमेकरवर आउलकॅट स्टुडिओचं काम २०१७च्या मोहिमेआधीच सुरू झालं होतं आणि मागे दुसरा पैसाही होता.

तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. गेमचं इंजिन आणि त्यावरची साधनं तयार आहेत का? लढाईची पद्धत खेळून पाहिलेली आहे का? कथेचा आराखडा शेवटपर्यंत लिहिलेला आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तर पाचव्या पायरीत लहान गुणक घ्यायचा. पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायरची मोहीम २०१७च्या सुरुवातीला फिग या संकेतस्थळावर झाली. पहिल्या भागासाठी घडवलेली साधनं, नियम आणि अनुभव तिथे आयते होते. गेम २०१८च्या पहिल्या तिमाहीत यायचा होता, ८ मेला आला. आरपीजीच्या दुनियेत याला वेळेवर म्हणायला हरकत नाही.

पायरी ४: स्ट्रेच गोल वेगळे काढा

आता पिलर्सच्या त्या जादा ११ महिन्यांकडे येऊ. उद्दिष्टापेक्षा जास्त पैसे जमू लागले की स्टुडिओ नवी आश्वासनं जाहीर करतो: इतके झाले तर नवा वंश, इतके झाले तर नवा सोबती, आणखी इतके झाले तर आणखी एक शहर. महिनाभर चालणाऱ्या मोहिमेत ही यादी रोज वाढते, कारण वाढत्या यादीने उत्साह टिकतो. पिलर्समध्ये दुसरं मोठं शहर आलं, खेळाडूचा किल्ला आला आणि एक तळघर आलं, ज्याचे मजले पैसे देणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढत गेले आणि १५वर थांबले. श्रायर यांच्या पुस्तकात ऑब्सिडियनची माणसं त्या दुसऱ्या शहराबद्दल खंत व्यक्त करतात. एक मोठं शहर बांधणंच फार अवघड होतं, आणि दुसरं आधीच कबूल केलेलं असल्याने ते गाळता येईना.

यातली गोम अशी: एरवी गेम रखडू लागला की स्टुडिओ काहीतरी कापतो. प्रकाशकाशी बोलून एखादा प्रदेश गाळतो, आणि बाहेर कुणाला कळतही नाही. लोकवर्गणीच्या गेममध्ये प्रत्येक तुकडा हजारो लोकांच्या नावावर आधीच लागलेला असतो. कापायची सोय गेली की ताणायला तारीखच उरते.

पैसे वाढले म्हणजे माणसं वाढवता येतील, मग काम तेवढ्याच वेळात होईल, असं वाटणं साहजिक आहे. आरपीजीत ते होत नाही. या प्रकारात प्रत्येक निर्णयाला परिणाम असतो. गावप्रमुखाला वाचवलं की मारलं यावर पुढचं गाव बदलतं. हो-नाही अशा फक्त दहा निवडी धरल्या तरी गेमच्या १,०२४ अवस्था होतात. नवं शहर म्हणजे नव्या इमारती तर आल्याच. त्याशिवाय जुन्या सगळ्या निवडींचे पडसाद त्या शहरात तपासणंही आलं. कथा ज्यांच्या डोक्यात आहे ते लेखक चार-पाचच असतात, आणि नवा माणूस घेतला तर त्याला ती समजावण्यात त्यांचाच वेळ जातो. इनएक्साइलच्याच टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरामध्ये दहा लाखांहून अधिक शब्द आहेत. एवढा मजकूर लिहायचा, तपासायचा, आणि तो पक्का झाल्यावरच भाषांतराला द्यायचा. पक्का होण्याआधी दिला तर तेच काम दोनदा होतं.

म्हणून यादीतल्या प्रत्येक स्ट्रेच गोलपुढे दोनपैकी एक खूण करा. संगीतात खरा वाद्यवृंद, जास्त चांगली चित्रं, आणखी एका भाषेतलं भाषांतर ही कामं बाहेरच्या माणसांकडून समांतर करून घेता येतात. यांना ‘स’ लिहा. नवा प्रदेश, नवा सोबती, नवा वर्ग, किल्ला, हस्तकलेची व्यवस्था, दिवस-रात्रीचं चक्र, एकत्र खेळण्याची सोय ही गेमच्या गाभ्याला हात घालतात. यांना ‘ग’ लिहा. प्रत्येक ‘ग’मागे मी एक महिना धरतो, मोठं शहर किंवा एकत्र खेळण्याची सोय असेल तर दोन किंवा तीन. हा माझा अंदाज आहे, पण तो तोकडाच पडतो असं जुन्या मोहिमा सांगतात.

एवढं करून ‘ग’ची यादी पूर्ण होईलच अशी खात्री नाही. टॉर्मेंटची मोहीम २०१३मध्ये ४१ लाख ८८ हजार डॉलर जमवून संपली. जानेवारी २०१७मध्ये, गेम महिन्यावर आलेला असताना, लोकांना कळलं की काही सोबती गाळले आहेत आणि इटालियन भाषांतर होणार नाही. इटलीतल्या ज्यांनी त्या एका आश्वासनावर पैसे दिले होते त्यांचा राग मला रास्त वाटतो. आणि पाहा, भाषांतर तर ‘स’ खुणेचं काम. तेव्हा एखाद्या एकाच स्ट्रेच गोलसाठी तुम्ही पैसे देणार असाल तर देऊ नका. बक्षीस म्हणून गेम मिळेल एवढंच गृहीत धरा.

पायरी ५: गुणाकार करा

पहिल्या पायरीत मोजलेले महिने घ्या. ते कशाने गुणायचे हे ठरवायला काही जुने हिशोब देतो. सगळे मोहीम संपल्यापासून गेम पूर्ण येईपर्यंतचे आहेत.

वेस्टलँड २चे १८चे २९ झाले, पिलर्सचे १८चे २९, शॅडोरनचे ९चे १५. ओरिजिनल सिन २चे १५चे २४. चारही जवळपास एक पूर्णांक सहा पट. निरनिराळ्या स्टुडिओंनी निरनिराळ्या गेमसाठी केलेल्या चुका इतक्या जुळाव्यात, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण वाटतं. अनुभवी माणूस आरपीजीचं काम अंदाजतो तेव्हा बांधणी बरोबर धरतो, आणि बांधून झाल्यावरची दुरुस्ती जवळजवळ विसरतो.

याच्या पुढचा गट दुपटीचा. पहिल्या ओरिजिनल सिनचे ७चे १४ झाले, अंडरटेलचे १३चे २६. किंगडम कमचे २२चे ४८ आणि टॉर्मेंटचे २०चे ४६, म्हणजे दुपटीहूनही जास्त. इथे कुठे माणूस एकटा होता, कुठे स्टुडिओचा हा पहिलाच गेम होता, कुठे महत्त्वाकांक्षा नेहमीपेक्षा मोठी होती.

आणि शेवटचा, छोटा गट: डेडफायरचे १३चे १५, किंगमेकरचे १३चे १४. काम आधी सुरू झालेलं, किंवा साधनं आधीच्या गेमची. मात्र किंगमेकर सप्टेंबर २०१८मध्ये आला तेव्हा त्यात बग इतके होते की पुढे कितीतरी दिवस दुरुस्त्या येत राहिल्या. तारीख पाळली गेली, पण उरलेलं काम खेळाडूंच्या संगणकावर पूर्ण झालं.

तर तिसऱ्या पायरीत तिन्हींना ‘हो’ असेल तर १.२ने गुणा. अनुभवी स्टुडिओ पण नवा पाया असेल तर १.६ने. पहिला गेम, एकटा निर्माता किंवा याआधी कुणी न केलेलं असं काही असेल तर २ने. मोहीम चालू असतानाच तुम्ही हे करत असाल तर त्यात ‘ग’चे महिने मिळवा. मोहीम संपल्यावर करत असाल तर मिळवू नका, कारण वरच्या गुणकांत ते मुरलेले आहेत. आलेला महिना कागदावर ठळक लिहा. तुमच्यापुरती तीच गेमची तारीख.

वर घेतलेले सगळे गेम अखेर आले. काही येतच नाहीत. प्रोजेक्ट फिनिक्स या जपानमधून जाहीर झालेल्या आरपीजीने २०१३मध्ये १० लाख डॉलरहून अधिक जमवले; २०१५मध्ये यायचा तो गेम आलाच नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमधले ईथन मॉलिक यांनी २०१४मध्ये किकस्टार्टरवरच्या प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक प्रकल्पांना उशीर झालेला दिसला, आणि उद्दिष्टाहून जास्त पैसे जमवणाऱ्यांना तो अधिक झाला. चौथ्या पायरीतला मुद्दा त्यांच्या आकड्यांतही दिसतो.

स्टार सिटिझनवर हा गुणाकार चालत नाही. तो अंतराळाचा खेळ आहे आणि त्याची २०१२ची तारीख होती नोव्हेंबर २०१४. तिथे वर्गणी थांबलीच नाही. आजवर ७० कोटी डॉलरहून अधिक जमले आणि गेम अजून पूर्ण म्हणून जाहीर झालेला नाही. पैसे येत राहिले की काम वाढत राहतं, आणि मोजायला शेवटच उरत नाही. मोहीम संपल्यावरही आभासी वस्तू विकत राहण्याचा बेत दिसला तर कागद बाजूला ठेवा आणि आज जे खेळता येतं तेवढ्याचीच किंमत करा.

पायरी ६: स्टुडिओच्या टेबलावर आणखी काय आहे ते शोधा

इनएक्साइलने टॉर्मेंटची मोहीम मार्च २०१३मध्ये उघडली, तेव्हा वेस्टलँड २ अपुरा होता. त्यांचं स्पष्टीकरण खोटं नव्हतं: लेखक आणि आराखडा करणारे एका गेममधून मोकळे होतात तेव्हा त्यांना दुसऱ्याला लावायचं, म्हणजे संघ बसून राहत नाही. पण मागचा गेम वर्षभर लांबला की त्याचे प्रोग्रॅमर आणि चित्रकार पुढच्याला वर्षभर उशिरा मिळतात. टॉर्मेंटचे ४६ महिने बऱ्याच अंशी असे झाले. पुढे २०१५मध्ये त्यांच्याच बार्ड्स टेल ४ची मोहीम आली, तेव्हा टॉर्मेंट व्हायचा होता. मागचा गेम न संपवता नवी मोहीम दिसली तर मागच्या गेमची स्वतः काढलेली तारीख आधी लिहा आणि नव्याचे महिने तिथून मोजा.

पायरी ७: किती द्यायचे ते ठरवा

फ्लॅटचं पझेशन रखडलं तर महारेराकडे दाद मागता येते. इथे तसं कुणी नाही. किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२मध्येच बजावलं की आपण दुकान नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक पानावर जोखमींचा भाग सक्तीचा केला. तो भाग वाचा. ‘आमचा अनुभव मोठा आहे’ एवढंच असेल तर तिथे काहीच लिहिलेलं नाही असं समजा. कुठलं काम अवघड आहे आणि ते फसलं तर काय गाळणार, हे लिहिलं असेल तर तो स्टुडिओ विचार करतोय.

भारतातून पैसे देताना डॉलरचा भाव आणि कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क धरा. गेम आला की तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात बहुधा रुपयांत मिळतो, आणि आपल्यासाठीची ती किंमत अनेकदा अमेरिकेतल्या किमतीहून कमी असते. म्हणजे केवळ गेम हवा असेल तर थांबणं स्वस्त पडतं. पैसे द्यायचे ते गेम व्हावा म्हणून, आणि विसरून जाता येतील एवढेच. शंभर-दोनशे डॉलरच्या खोक्यांच्या मोहात विद्यार्थ्यांनी पडू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. पुतळा आणि कापडी नकाशा येईपर्यंत शिक्षण संपलेलं असू शकतं.

पायरी ८: बीटाची वाट पाहा आणि तिथून पुन्हा मोजा

पैसे दिल्यावर अपडेट येऊ लागतात. एखाद्या राक्षसाची दाढी कशी रंगवली याच्या अपडेटवरून तारीख कळत नाही. एकच खूण पक्की आहे: पैसे देणाऱ्यांना बीटा म्हणून किंवा अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या गेमच्या विक्रीत, गेमचा तुकडा खेळायला मिळणं. वेस्टलँड २ असा डिसेंबर २०१३मध्ये मिळाला आणि नऊ महिन्यांनी पूर्ण झाला. पिलर्सची बीटा ऑगस्ट २०१४मध्ये, पुढे सात महिने. ओरिजिनल सिनला सुमारे सहा, त्याच्या दुसऱ्या भागाला बरोबर बारा, टॉर्मेंटला तेरा. तेव्हा खेळता येणारा तुकडा आला की तिथून सहा ते बारा महिने धरा आणि पाचव्या पायरीतली तारीख खोडून ही लिहा. तुकडाच आलेला नसेल आणि छापलेली तारीख चार महिन्यांवर असेल, तर ती पाळली जाणार नाही. स्टुडिओने ते कबूल केलं नसलं तरीही.

उशीर जाहीर होतो त्या अपडेटचीही परीक्षा घ्या. काय अपुरं आहे, त्याला किती वेळ लागेल आणि तोवर पगार कशातून होतील, ही तीन उत्तरं त्यात असतील तर रागावण्याचं कारण नाही. पिलर्सला शेवटचे काही महिने मिळाले नसते तर तो गेम मोडक्या अवस्थेत आला असता.

मोहीम करणाऱ्यांसाठी

हीच कृती उलटी करून वापरता येते, आणि आपल्याकडे ती वापरायला माणसं आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०१७मध्ये राजी या गेमसाठी किकस्टार्टरवर १ लाख २० हजार पाउंड मागितले होते. राजी आरपीजी नाही, साहसी गेम आहे. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, त्यामुळे नियमानुसार एकही पाउंड हाती आला नाही. पैशांची वाट दुसरीकडून काढून त्यांनी गेम ऑगस्ट २०२०मध्ये आणला. भारतातल्याच पायरोडॅक्टिल या स्टुडिओने प्राचीन भारताच्या धर्तीवरच्या काल्पनिक नगरात घडणारी अनरेस्ट ही आरपीजी २०१३मध्ये फक्त ३ हजार डॉलर मागून उभी केली आणि जुलै २०१४मध्ये दिली. प्रत्यक्षात जमले त्याहून कितीतरी जास्त, पण गेम छोटाच ठेवला होता.

तुम्ही अशी मोहीम उघडणार असाल तर आधी मॅन-मंथ काढा, आलेल्या महिन्यांना १.६ने गुणा आणि तोच महिना पानावर छापा. लोक पळून जातील ही भीती खोटी आहे. दोन वर्षांची वाट पाहायला तयार असलेला माणूस तीन वर्षांचीही पाहतो. आधी सांगितलं नाही याचाच त्याला राग येतो. आणि प्रत्येक स्ट्रेच गोलपुढे रकमेबरोबर महिनेही लिहा: दुसरं शहर, पाच लाख डॉलर, तीन महिने. पैसे देणाऱ्यांना मग तिसरं शहर हवं की वेळेवर गेम हवा, हे स्वतः ठरवता येईल. हा प्रश्न त्यांना क्वचितच कुणी विचारतं, तुम्ही विचारा.